लाल गाल

“आधी दूध तोड, मग कुठं मरायचं तिथं जाऊन मर,” असं बर्डी मला म्हणाली होती, आणि मी हसले होते.

डिसेंबरातली गोष्ट. बर्डी म्हणजे माझ्या नवऱ्याची, टोबिनची आत्या. सत्तरी गाठलेली. पामर गावाबाहेर तिच्या चौदा दुभत्या शेळ्या आहेत आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ती शेळ्यांपासून सुरू करते. त्या दिवशी ती चीज द्यायला आली आणि आमच्या फ्रिजवर चिकटवलेला माझा तक्ता वाचत उभी राहिली. शर्यत फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होती. सायकलवर साडेतीनशे मैल, सगळे बर्फावरून. आधी गोठलेल्या नद्या, मग दलदली, मग डोंगररांग ओलांडून पलीकडे. मी पाच दिवस धरले होते, आणि दर चार तासांच्या चौकोनात लिहिलं होतं, ‘थांबणे, दूध काढणे’.

“हे काय?”

“जूनी बाटली घेत नाही अजून. परत आले की पाजायचंच आहे, तोवर दूध टिकायला हवं. हातानं काढायचं, बर्फात सोडायचं, पुढं निघायचं.”

“उणे तीसमध्ये छाती उघडी टाकून?”

“पाच मिनिटं लागतात, बर्डी.”

“शेळीची एक धार चुकली तर काय होतं माहितीय? कास दगड होते. मग ताप.”

“मी शेळी नाही.”

“नाहीसच. शेळी ऐकते.”

टोबिन जूनीला मांडीवर घेऊन शिजवलेला भोपळा भरवत होता. हसून त्यालाच ठसका लागला.

“ताप आला तर कळेल की मला,” मी म्हणाले. “सहा महिने दुसरं काय करतेय?”

ते खरं होतं. दिवसातून आठ-दहा वेळा माझा हात जूनीच्या कपाळाकडे जायचा. ती झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची. फेअरबँक्सला कॉलेजात जीवशास्त्र शिकले, त्याचा एवढाच उपयोग झाला की प्रत्येक आजाराच्या पायऱ्या पाठ झाल्या आणि साधी शिंक आली तरी शेवटची पायरी आधी दिसू लागली. लोक विचारतात, एवढी काळजी करतेस तर पोरीला टाकून गेलीस कशी? शर्यतीतली माझी जागा जूनीच्या आधीची होती. एकदा पुढं ढकलली, दुसऱ्यांदा ढकलू देत नाहीत. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळं आहे. घरात मी कायम कान टवकारून असायची. भट्टीचा आवाज बदलला, वाऱ्यानं पत्रा हलला, जूनी जरा जास्त वेळ गप्प राहिली, की मी उभीच. सायकलवर मात्र पुढचे दहा फूट तेवढे बघायचे असतात. मला पाच दिवस फक्त दहा फुटांची काळजी करायची होती.

सुरुवातीच्या तळ्यावर, ट्रकमध्ये हीटर लावून, मी जूनीला शेवटचं पाजलं. बाहेर टोबिन माझ्या चाकांतली हवा कमी करत होता. आमच्या सायकलींची चाकं दंडाएवढी जाड असतात, आणि बर्फ मऊ असला की त्यांतली हवा इतकी काढतात की टायर अंगठ्यानं दाबला जातो.

“पाच दिवस,” टोबिन म्हणाला. “सहावा लागला तर हिला घेऊन मी येतोच तिकडे.”

“रस्ता नाही तिकडे.”

“मग तूच ये वेळेवर.”

बर्डी आली नव्हती. तिनं गरम कॉफीचा थर्मास तेवढा पाठवला होता, आणि त्यावर चिकटपट्टीवर लिहिलं होतं, ‘धार चुकवू नकोस’.

पहिल्या दिवशी मी चुकवली नाही. सुसिटना नदीवर पोचेपर्यंत दोनदा थांबले. झुडपांच्या आडोशाला पाठ वाऱ्याकडे करून, चार कपड्यांच्या चार चेन उघडून, दात आवळून. दुधानं बर्फात बारीक भोकं पडायची. बघून मला वाईटही वाटायचं आणि हसूही यायचं. आतला लोकरीचा सदरा मात्र थोडा ओला व्हायचाच, आणि चेन लावेपर्यंत तो पापडासारखा कडक व्हायचा. मग अंगाच्या उबेनं तो पुन्हा ओला होईतो दहा मिनिटं छातीवर बर्फाची पाटी.

नदीवरच डेल्मरची गाठ पडली. अठ्ठावन्न वर्षांचा प्लंबर, ही त्याची अकरावी शर्यत. त्याच्या दाढीत इतका बर्फ लोंबत होता की बोलताना खुळखुळायचा.

“तोंड दाखव,” तो म्हणाला.

हा आमच्या वाटेवरचा रिवाज. दोन स्वार भेटले की थांबायचं, चष्मा वर करायचा, मुखपट्टी खाली ओढायची आणि एकमेकांचं तोंड बघायचं. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही. नाकावर, गालावर, कानाच्या पाळीवर पांढरा डाग दिसला की तिथलं मांस गोठायला लागलंय. ज्याला डाग आहे त्याला कळत नाही, कारण दुखणं आधीच थांबलेलं असतं. पांढरं दिसलं की थांबायचं, नाही दिसलं की “ठीक” म्हणायचं आणि सुटायचं. त्याहून जास्त कोणी कोणाला विचारत नाही.

“ठीक,” डेल्मर म्हणाला. “माझं?”

“दाढी सोडून उरलेलं ठीक आहे.”

“दाढीखाली काय आहे ते माझ्या बायकोनंही बावीस वर्षांत पाहिलेलं नाही.”

संध्याकाळी येंटना नदीच्या फाट्यावर वारा सुटला. तिसऱ्या वेळेला मी थांबले, वरची चेन उघडली, आणि वारा असा आत शिरला की बोटंच वळेनात. लावून टाकली चेन. म्हटलं, पुढच्या मुक्कामाच्या झोपडीत काढू. मुक्कामावर पोचले तर एका खोलीत अकरा पुरुष, मोजे चुलीवर वाळत घातलेले, संडास बाहेर, त्यालाही दार म्हणून नुसतं पोतं. मी भिंतीकडे तोंड करून थोडं काढलं. थोडंच आलं. टोबिनचा निरोप आला होता. आमच्याकडे सॅटेलाइटवरून चार शब्द पाठवता येतील एवढं यंत्र असतं. ‘बाटली नाही घेत. रडली. आता झोपली. काळजी नको.’

काळजी नको, हे वाचल्यावर मी पुढचे तीन तास डोळा न लावता पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू दुखू लागली. पाणी गोठू नये म्हणून आम्ही पाण्याची पिशवी जॅकेटच्या आत पाठीला बांधतो. तिचे पट्टे छातीवरून घट्ट येतात. पट्टा काचला असेल, असं मी ठरवून टाकलं. दुपारी हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. मी थांबून दुसरं जॅकेट चढवलं. तरी भरतच राहिली. आता माझी सगळी पायऱ्या मोजायची विद्या जागी झाली. थंडीनं माणूस जाताना आधी थरथरतो, मग अडखळतो, मग बरळतो, आणि शेवटी त्याला उकडायला लागतं. मी स्वतःची परीक्षा घेऊ लागले. जूनीच्या लसींच्या तारखा मोठ्यानं म्हणायच्या. ऑगस्ट बारा. ऑक्टोबर चौदा. डिसेंबर सोळा. सगळ्या बरोबर आल्या. म्हणजे डोकं शाबूत. दर अर्ध्या तासानं म्हणायची, आणि बरोबर आल्या तरी समाधान होईना, पुन्हा म्हणायची. डेल्मर मागून आला तेव्हा मी मोकळ्या नदीवर एकटीच तारखा ओरडत होते.

“कोणाशी भांडतेस?”

“थंडी फार आहे आज.”

“आज? आज उणे अठरा आहे. कालच्यापेक्षा बारा अंश चांगलं. तोंड दाखव.”

मी मुखपट्टी ओढली. त्यानं जवळ येऊन नाक बघितलं, गाल बघितले, दोन्ही कान बघितले.

“वा! सफरचंद! हा रंग मी फक्त नवऱ्या मुलींच्या तोंडावर बघितलाय. तुझं रक्त बघ कसं धावतंय. या वयाचं काय ते सुख!”

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. अकरा शर्यती केलेला माणूस म्हणतोय.

पुढच्या मुक्कामावर दाराशी एक स्वयंसेवक मुलगी होती, तिनंही टॉर्च मारून तोंड बघितलं. “मस्त रंग आहे तुमचा,” ती म्हणाली. “आत्ताच दोघांचे गाल गेलेत.” मी सूपचा वाडगा हातात घेतला आणि वास आल्याबरोबर खाली ठेवला. दूध काढायला संडासात गेले, तर डावीकडून थेंब येईना. हात लावला तर कळ मस्तकात गेली. बर्डीची आठवण झाली का? झाली. मी यंत्रावर टोबिनला लिहायला घेतलं, ‘बर्डीला विचार’, आणि पुसलं. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून पुसलं. ‘छान चाललंय. तिनं खाल्लं का?’ असं लिहिलं. उत्तर आलं, ‘कपातून प्याली! बर्डीनं शिकवलं.’ मी ते तीनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. मला असं वाटलं की आपल्या हातातलं दोरीचं टोक कोणीतरी सोडवून घेतंय.

सकाळी उजाडताच निघाले. इथून डोंगर सुरू. तीस मैल चढ, आणि रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ, म्हणजे बसायचं कमी, ढकलायचं जास्त. वीस पावलं ढकलायची, थांबायचं, पुन्हा वीस. दहा वाजायच्या सुमाराला हुडहुडी एकदम थांबली. आणि उकडायला लागलं.

मला घाम फुटला तो भीतीनंच. शेवटची पायरी. माणसं बर्फात सापडतात ती जॅकेट काढून घडी घालून ठेवलेली. मला टोपी काढायची होती, चेन उघडायची होती, बर्फात गाल टेकवून पडायचं होतं, आणि जे जे हवंसं वाटत होतं ते सगळं पुस्तकात मरणाच्या आधीचं म्हणून छापलेलं होतं. तारखा म्हणून बघितल्या. ऑगस्ट बारा. ऑक्टोबर… ऑक्टोबर सोळा? जूनीचा चेहराही येईना डोळ्यांपुढे, नुसती टोपी येत होती, पिवळी.

शिकवलं होतं तसं सगळं मी केलं. वाटेच्या कडेला बर्फ तुडवला, चटई टाकली, अंगावर होतं-नव्हतं ते चढवलं, झोपायच्या जाड पिशवीत शिरले आणि मानेपाशी दोरी आवळली. गरम व्हायला हवं, गरम व्हायला हवं. इतकी घाबरले होते, तरी यंत्रावरचं मदतीचं बटण दाबलं नाही. ते दाबलं की शर्यतीतून बाद. थोडं गरम झालं की निघू, असं ठरवलं होतं. आता लिहिताना हे माझं मलाच खरं वाटत नाही, पण मी तिथं आगीसारखी तापलेली पडून होते आणि स्वतःला आणखी पांघरूण घालत होते.

बर्फावर चालणाऱ्या स्नोमशीनचा आवाज आला तो आधी स्वप्नातला वाटला. एक बाई वरच्या झोपड्यांकडे सरपण नेत होती, मागे लांबलचक घसरगाडी, तिच्यावर लाकडं आणि लाकडांवर एक म्हातारा कुत्रा. पेलागिया तिचं नाव. डोंगरापलीकडच्या गावची, पाच मुलांची आई. आमच्या शर्यतीचं तिला काही कौतुक नाही. दरवर्षी काही वेडे सायकली ढकलत जातात एवढंच तिला माहीत.

“मेलीस का झोपलीस?” तिनं विचारलं.

“ठीक,” मी म्हणाले. सवयीनं मुखपट्टी खाली ओढली. “गोठतेय. पण तोंडावर डाग नाही. बघ.”

तिला तोंड बघायचा आमचा रिवाज ठाऊक नव्हता. तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघडा तळवा माझ्या कपाळावर ठेवला. तसाच ठेवून जरा वेळ थांबली. मी जूनीच्या कपाळावर ठेवते तसा. आठ महिन्यांत माझ्या कपाळावर कोणी हात ठेवला नव्हता.

“गोठत कसली, भाजतेयस तू,” ती म्हणाली. मग वाकून पिशवीच्या तोंडाशी नाक नेलं. आतून आंबलेल्या दुधाचा वास येत होता. “लेकरू केवढंय?”

“आठ महिने.”

“कुठाय?”

“घरी.”

तिनं हातमोजा पुन्हा चढवला. “कुठली बाजू?”

“डावी.”

“ऊठ. बस गाडीत.”

“बसले तर मी बाद होईन.”

“बरं, हो बाद. पाय वर घे आता, कुत्र्याला जागा सोड.”

मी रडायला लागले. किती मैल आले, किती उरले, असलं काहीतरी बरळत होते. तिनं अर्धी लाकडं वाटेवरच उतरवून ठेवली, मला पिशवीसकट उचलून आडवी केली आणि सायकल लाकडांवर बांधली.

“ही कशाला घेतेस?”

“उद्या शुद्धीवर आलीस की हिच्यासाठी रडशील, म्हणून,” ती म्हणाली.

वरच्या एका झोपडीत तिनं गरम पाण्यात बुडवलेले फडके लावून लावून ती बाजू मोकळी केली. किंचाळले मी. पेलागिया नुसती म्हणत होती, “हो गं, हो गं,” आणि हात थांबवत नव्हती. रेडिओवरून एका डॉक्टरशी बोलून गोळ्याही दिल्या. तापमापी एकशे चार दाखवत होती. डॉक्टर म्हणाला, आणखी सहा-सात तास उघड्यावर राहिली असती तर विष रक्तात गेलं असतं. दुपारी पायांना स्की लावलेलं छोटं विमान आलं. टोबिन विमानं दुरुस्त करतो, त्याच्याच मित्राचं. विमानात बसताना मी तिचा हात धरला.

“परत येशील तेव्हा माझी लाकडं उचलून आण,” ती म्हणाली. “वाटेतच पडलीत.”

दवाखान्यात बर्डी जूनीला घेऊन आली. मी हात पुढं केले. जूनीनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या नळ्यांकडे बघितलं, आणि मान फिरवून बर्डीच्या खांद्यात तोंड खुपसलं. बर्डी एवढी बोलभांड बाई, शेळीचं नाव काढलं नाही तिनं. खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली आणि जूनीला माझ्या कुशीत नुसती निजवून ठेवली. खूप वेळानं, सूर्य पर्वतावर टेकल्यावर, जूनीनं आपणहून शोधलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाजायला हरकत नाही, पाजलेलंच बरं.

डेल्मरनं नंतर फोन केला. पूर्ण केली होती त्यानं शर्यत, सहाव्या दिवशी. “मी बघितलं होतं तुझं तोंड,” तो म्हणत राहिला. “नीट बघितलं होतं, लिनेआ. पांढरं कुठंच नव्हतं.” त्याला मी काय सांगणार? मीही तेच बघत होते. आम्ही सगळे पांढरं शोधतो. लाल दिसलं की आम्हाला आनंद होतो.

याला वर्ष झालं. आज शनिवार, उद्या शर्यत. मी जात नाही. जूनी चालते आता, कपाटं उघडते, आणि मी तिच्या मागे. पण गेले तीन महिने माझा कान पुन्हा दुसरीकडेच लागलाय. नोव्हेंबरात मारित नावाची एक मुलगी टायरांबद्दल विचारायला आली होती. पंचवीस-सव्वीसची, पाठीवर झोळीत पाच महिन्यांचा मुलगा. बोलता बोलता तिनं फोनवर आपला तक्ता दाखवला. दर चार तासांनी एक चौकोन. मी सगळं सांगितलं. सदरा वर करून, दवाखान्यात डावीकडे चिरा दिला होता त्याचा व्रणही दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसली.

“तुमची पट्ट्यामुळे चूक झाली,” ती म्हणाली. “मी पिशवी कमरेला बांधणारेय.”

त्यानंतर मी तिला चारदा फोन केला. शेवटच्या दोनदा तिनं उचलला नाही. नवऱ्याला गाठलं, तर तो म्हणाला, तुम्ही तिला घाबरवू नका. बर्डीला सांगितलं, तर ती धार काढता काढता थांबली आणि म्हणाली, “आता कळलं तुला डिसेंबरात मला कसं झालं होतं ते?”

म्हणून हे लिहितेय. तुम्ही त्या वाटेवर असाल, मुक्कामाच्या दाराशी टॉर्च घेऊन उभे असाल, सरपण नेत असाल, नाहीतर स्वतःच सायकल ढकलत असाल, तर मारितकडे लक्ष ठेवा. नंबर सव्वीस. हिरवं जॅकेट, राखाडी सायकल, हँडलला बाळाचा एक लोकरी मोजा बांधलेला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती येंटनाच्या वरच्या अंगाला असेल. ती थांबेल, मुखपट्टी ओढेल, तोंड दाखवेल आणि “ठीक” म्हणेल. तिचे गाल लाल दिसले तर तिला जाऊ देऊ नका. सूप प्याली का विचारा. कितीही थंडी असो, हातमोजा काढा आणि तिच्या कपाळावर हात ठेवा. जरा वेळ ठेवा. आणि मग मला कळवा.